घडीची कयाक : एक कोरडा अभ्यास

नौकेची व्याख्या सामान्यतः ती पाण्यावर कशी वागते यावरून केली जाते. घडीची कयाक मात्र या नियमाला अपवाद मानावी लागते, कारण तिचे बहुतेक आयुष्य कपाटाच्या माथ्यावर, रेल्वेच्या डब्यात, मोटारीच्या डिकीत किंवा जिन्याखालच्या अडगळीत जाते आणि पाण्याशी तिचा संबंध वर्षातल्या मोजक्या रविवारांपुरता, तोही हवामान आणि घरची मंडळी या दोहोंच्या मर्जीवर अवलंबून असतो. कयाक म्हणजे वरून झाकलेली, अरुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती होत जाणारी नौका, जिच्यात माणूस पाय पुढे पसरून, ज्या दिशेला जायचे त्याच दिशेला तोंड करून बसतो आणि दोन्ही टोकांना पाती असलेल्या एकाच वल्ह्याने ती आळीपाळीने डावीउजवीकडे वल्हवतो. सागरी कयाक म्हणजे लाटांत सरळ चालावी म्हणून लांब आणि सडपातळ बांधलेली कयाक. आणि घडीची सागरी कयाक म्हणजे हीच पाच मीटर लांबीची नौका, जिच्या मालकाचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे.

या नौकेचा जन्म जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात झाला, ज्याला समुद्रकिनाराच नाही, ही गोष्ट अभ्यासकांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेली दिसत नाही. आल्फ्रेड हॉयरिश हा म्युनिकमध्ये वास्तुरचना शिकणारा विद्यार्थी; त्याने १९०५ मध्ये काठ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणून एक मोडती नौका तयार केली आणि ती ईझार नदीत चालवून दाखवली. तिचे हक्क १९०७ मध्ये विकत घेतले ते कोणा जहाजबांधणी करणाऱ्याने नव्हे, तर रोझेनहाइम गावच्या योहान्नेस क्लेपर नावाच्या शिंप्याने. जहाजबांधणीचा एरवीचा इतिहास सुतारांनी आणि लोहारांनी घडवलेला आहे. घडीच्या नौकेचा इतिहास मात्र माप घेणाऱ्याने आणि टाके घालणाऱ्याने घडवला, आणि त्याच घराण्याच्या कारखान्याने पुढे रबर चढवलेल्या कापडाचा एक रेनकोटही जर्मनीभर लोकप्रिय केला. एकच कारागिरी कोरडे राहण्यासाठी अंगावर चढवायची आणि तीच भिजायला जाण्यासाठी अंगाखाली घ्यायची, हा व्यवसायविस्तार तर्काला धरूनच होता असे म्हटले पाहिजे. रोझेनहाइमजवळ कीमझे हा मोठा तलाव आहे आणि स्थानिक लोक त्याला प्रेमाने ‘बव्हेरियाचा समुद्र’ म्हणतात. सागरी म्हणवणाऱ्या नौकेला माहेरी एवढा तरी समुद्र मिळाला.

समुद्र नसलेल्या मुलखात नौका मोडती करण्याची निकड का भासावी, याचे उत्तर पाण्यात नसून रेल्वेच्या वेळापत्रकात आहे. आल्प्सच्या पायथ्याच्या नद्या वेगाने वाहतात, त्यांच्यातून प्रवाहाच्या दिशेने जाणे हा आनंदाचा विषय आणि प्रवाहाविरुद्ध परत येणे हा शिक्षेचा. तेव्हा सकाळी नौकेची गाठोडी घेऊन गाडीने वरच्या गावी जावे, दिवसभर नदीतून खाली यावे, संध्याकाळी नौका पुन्हा गाठोड्यात घालून मिळेल त्या स्टेशनातून घर गाठावे, अशी सोय या शोधाने झाली आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत जर्मनीत या नौकांचे वेडच पसरले. ज्याच्याकडे मोटार नाही, नदीकाठी बंगला नाही, नौका ठेवायला कोठार नाही, अशा कारकुनाला आणि कामगारालाही यामुळे नौकेचा मालक होता आले. घडीची कयाक ही मुळात सामानाच्या इतिहासातील घटना आहे. नौकेच्या इतिहासात ती नंतर येऊन बसली. हे ध्यानात ठेवले की तिच्या भक्तांचे पुढील वर्तन समजण्यास सोपे जाते.

वास्तविक मूळ कयाकही याच जातीची होती. ग्रीनलंड आणि उत्तर अमेरिकेच्या आर्क्टिक किनाऱ्यावरील इन्युइट लोक वाहून आलेल्या लाकडाच्या फासळ्या चामड्याच्या वाद्यांनी बांधत, त्यावर सीलचे कातडे शिवत, आणि ती नौका शिकाऱ्याच्या अंगाच्या मापाने बेतलेली असे. सांगाडा आणि कातडे हे तत्त्व हजारो वर्षे टिकले; विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फायबरग्लासच्या एकसंध, कडक कयाकी आल्या आणि घडीच्या कयाकीलाच लोक उपरी समजू लागले. या दोन पंथांतला वाद आजही मिटलेला नाही. कडक पंथाचे म्हणणे असे की घडीची नौका रुंद आणि संथ असते. घडीच्या पंथाचे म्हणणे असे की तिचा सांगाडा लाटेबरोबर किंचित वाकतो, म्हणून ती लाटेशी भांडत नाही. दोन्ही म्हणणी खरी आहेत, आणि त्यामुळेच वाद चालू राहण्यास पुरेसा आधार मिळतो.

आता जोडणीकडे वळावे, कारण या छंदाचा गाभा तिथे आहे. उदाहरणासाठी क्लेपरची ‘एरिउस’ ही १९५० च्या दशकाच्या आरंभी आलेली आणि अजूनही आदर्श मानली जाणारी नौका घेता येईल. तिची दोन माणसांची आवृत्ती सुमारे ५.२ मीटर लांब असते, वजन तीस किलोंच्या वर जाते आणि ती दोन-तीन थैल्यांत मावते. एका लांबट थैलीत दांड्या असतात, ज्यांना नौकेच्या लांबीभर धावणाऱ्या पट्ट्या म्हणता येईल. दुसरीत अॅश आणि बर्चच्या लाकडाच्या फासळ्या, म्हणजे नौकेला रुंदी देणाऱ्या आडव्या चौकटी. आणि तिसरीत गुंडाळलेले कातडे, ज्याचा तळ रबरी व वरचा भाग जाड सुती कापडाचा असतो. थैल्या उघडून सर्व वस्तू गवतावर मांडल्या की त्या एखाद्या मोठ्या प्राण्याच्या उत्खननात सापडलेल्या अवशेषांसारख्या दिसतात, आणि भोवती जमलेल्यांपैकी प्रत्येकाला त्या प्राण्याविषयी स्वतंत्र मत असते.

सांगाडा दोन अर्ध्यांत बांधला जातो. पुढचा अर्धा भाग कातड्यात पुढून सरकवतात, मागचा मागून. दोन्ही भाग मध्यभागी, जिथे माणूस बसणार आहे तिथे, समोरासमोर येतात, पण सरळ रेषेत येत नाहीत. कातडे मुद्दाम किंचित आखूड ठेवलेले असल्याने ते तिथे उंचवटा करून थांबतात. येथे मालकाने गुडघे टेकून, दोन्ही तळहातांनी तो उंचवटा खाली दाबायचा असतो, म्हणजे दोन्ही भाग लांबीला ढकलले जाऊन ‘खट्’ असा आवाज करीत सपाट होतात आणि कातडे ढोलाच्या पानासारखे ताणले जाते. माहितीपत्रकात या क्रियेला एक ओळ दिलेली असते. प्रत्यक्षात या ओळीपाशी माणसाची प्रकृती, त्याचे वैवाहिक जीवन आणि त्याची देवावरची श्रद्धा या तिन्हींची परीक्षा होते, कारण दाबणाऱ्याची बोटे नेमकी त्याच फटीत असतात जी ‘खट्’ होताच नाहीशी होते. त्यानंतर उरलेल्या फासळ्या बसवायच्या, बसण्याच्या जागेभोवतीची उभी कड अडकवायची, आणि शेवटी कातड्याच्या दोन्ही बाजूंना शिवलेल्या लांब नळ्यांत तोंडाने हवा भरायची. या नळ्या कातडे आणखी ताणतात आणि नौका कलंडू देत नाहीत; मालवणकडच्या होडीला जो आधार बाहेर बांधलेली उलांडी देते, तोच आधार येथे आतून मिळतो. जोडणीस पंधरा-वीस मिनिटे लागतात असे विक्रेते सांगतात आणि ते खोटे बोलत नाहीत, फक्त ती मिनिटे शेवटच्या वेळची असतात की पहिल्या वेळची, याचा खुलासा करीत नाहीत.

जोडणी पूर्ण झाल्यावर गवतावर एक फासळी उरते.

ही उरलेली फासळी या छंदातील सर्वांत मोठे तात्त्विक संकट आहे. ती कुठे बसायला हवी होती हे पुस्तिकेत पाहावे तर पुस्तिका जर्मनमध्ये असते, किंवा जर्मनमधून अशा इंग्रजीत आणलेली असते की मूळ जर्मनच बरे वाटावे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर शहरात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून चार दशके चाललेल्या ‘फेदरक्राफ्ट’ या कंपनीने लाकडाऐवजी अॅल्युमिनियमच्या नळ्या वापरल्या. तंबूच्या काठ्यांप्रमाणे त्या एकमेकींत खोवल्या जात, आतून रबरी दोरीने ओवलेल्या असत, त्यामुळे कोणती नळी कोणाच्या शेजारी जावी याचा गोंधळ पुष्कळ कमी झाला. परंतु निसर्गाने याचीही भरपाई केली. खारे पाणी आणि वाळूचे कण नळ्यांच्या सांध्यात शिरले की अॅल्युमिनियम असे घट्ट धरते की एक नळी दुसरीतून निघत नाही. म्हणजे लाकडी नौका जोडता येत नाही आणि धातूची नौका मोडता येत नाही. जाणकार लोक म्हणून सांध्यांना वंगण लावतात आणि प्रत्येक फेरीनंतर गोड्या पाण्याने सर्व नळ्या धुतात. ज्या माणसाने घरी कधी स्वतःचा चहाचा कप विसळला नाही तो किनाऱ्यावर तासभर बादलीतून नळ्या धूत बसलेला पाहण्यात त्याच्या पत्नीला जे समाधान मिळते, ते या छंदाच्या लाभांत धरायला हवे.

नौकांची चाचणी, म्हणजे विकत घेण्याआधी त्या पाण्यावर चालवून पाहणे, हा या समाजाचा वार्षिक मेळावा असतो. तो बहुधा तलावाच्या काठी भरतो, कारण सागरी नौकांची परीक्षा समुद्रात घेणे कोणालाच सुरक्षित वाटत नाही. येथे तीन प्रकारची माणसे आढळतात. पहिला प्रकार नौका पाण्यात घालतो. दुसरा नौका पाण्यात घालणाऱ्याला सूचना देतो. तिसरा प्रकार संख्येने सर्वांत मोठा आणि विद्वत्तेने सर्वांत पुढे असून, तो काठावर उभा राहून सुकाणू हवे की नको या प्रश्नावर बोलतो. सुकाणू म्हणजे मागच्या टोकाला लावलेले, पायांनी फिरवायचे पाते. वारा बाजूने आला की नौकेचे तोंड आपोआप वाऱ्याकडे वळू लागते, ते सरळ ठेवण्यास त्याचा उपयोग होतो. एका पक्षाच्या मते सुकाणू ही आळशांची कुबडी आहे आणि खरा वल्हेकरी नौका कंबरेने कलवून वळवतो. दुसऱ्या पक्षाच्या मते ज्यांना असे वाटते त्यांनी बाजूच्या वाऱ्यात दिवसभर वल्हवून पाहावे. हा वाद दुपारी जेवणाच्या वेळी थांबतो आणि नंतर तिथूनच पुढे सुरू होतो, दरम्यान तलावात वारा अजिबात नसतो.

चाचणी देऊ इच्छिणाऱ्या नवख्या माणसाला आत बसवण्याचा विधी पाहण्याजोगा असतो. काही घडीच्या कयाकींत प्रथम त्याला एका मोठ्या जलरोधक पिशवीत पाय घालावे लागतात. हिला ‘सी सॉक’, म्हणजे सागरी मोजा म्हणतात, आणि ती बसण्याच्या जागेच्या कडेला अडकवलेली असते, म्हणजे नौका उलटली तरी पाणी पिशवीपुरतेच शिरते. त्यावर तो कंबरेला ‘स्प्रे स्कर्ट’ नेसतो. हा रबरी कापडाचा घागरा असून त्याचा घेर नौकेच्या कडेवर चढवून घट्ट बसवतात, म्हणजे वरून येणाऱ्या लाटेचे पाणी आत जात नाही. त्यावर तरंगते जाकीट, त्यावर शिटी. अशा रीतीने माणूस मोज्यात, मोजा नौकेत, नौका घागऱ्याखाली आणि घागरा जाकिटाखाली गेला की चौकशीला प्रारंभ होतो : घागऱ्याच्या पुढच्या बाजूला जी पट्टी आहे ती बाहेर ठेवली आहे ना? उलटल्यास घागरा ओढून काढायची ती एकमेव मूठ असते. ती आत राहिली आहे असे या टप्प्यावर नेहमीच आढळते, आणि मग सर्व थर उलट्या क्रमाने काढले जातात.

काठावरून जाणाऱ्या सामान्य जनतेचे प्रश्न कोणत्याही देशात सारखेच असतात. ही बुडत नाही का? आत पाणी येत नाही का? कापडाचीच आहे ना? केवढ्याला पडली? किंमत कळल्यावर विचारणारा काही क्षण गप्प राहतो आणि एवढ्या पैशांत मोटारबोट आली असती, असे सौम्यपणे सुचवतो. या शेवटच्या विधानाला घडीच्या कयाकवाल्याजवळ उत्तर नसते, म्हणून तो लगेच अटलांटिक महासागराचा विषय काढतो.

अटलांटिकचा विषय काढण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. फ्रान्झ रोमर या जर्मन दर्यावर्दीने १९२८ मध्ये खास बांधून घेतलेल्या क्लेपर नौकेतून कॅनरी बेटांवरून निघून ५८ दिवसांत वेस्ट इंडीज गाठले. तेथून पुढे अमेरिकेच्या दिशेने निघाला असता तो वादळात नाहीसा झाला. त्यानंतर १९५६ मध्ये हान्नेस लिंडेमान या जर्मन डॉक्टराने नेहमीची, दुकानात मिळणारी एरिउस घेतली, तिच्यावर शीड चढवले आणि ७२ दिवसांत लास पाल्मासहून कॅरिबियनमधील सेंट मार्टिन बेट गाठले. पाच मीटरांच्या नौकेत आडवे होण्यास जागा नसल्याने तो बसल्या बसल्याच थोडाथोडा झोपे. निघण्यापूर्वी काही महिने त्याने स्वतःला मनोमन सूचना देण्याचा, म्हणजे ‘मी पार करणार’, ‘पश्चिमेकडेच जायचे’ अशी वाक्ये मनात खोल रुजवण्याचा सराव केला होता, आणि शेवटच्या टप्प्यात नौका उलटल्यावरही ती वाक्ये कामी आली असे त्याचे म्हणणे होते. १९५७ मध्ये अमेरिकेच्या ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर तो झळकला. या प्रवासाची हकिकत प्रत्येक घडीच्या कयाकवाल्याला तोंडपाठ असते आणि तलावाच्या मध्यापर्यंत जाऊन परत येताना ती त्याच्या मनाला मोठा आधार देते.

ऑस्कर श्पेक याची कथा मात्र वेगळ्या जातीची आहे आणि मराठी वाचकाला ती अधिक जवळची वाटावी. हॅम्बुर्गचा हा वीजकाम करणारा माणूस मंदीत बेकार झाला, सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळेल म्हणून १९३२ मध्ये उल्म येथे डॅन्यूब नदीत त्याने आपली घडीची कयाक सोडली, आणि वाटेत सायप्रसची कल्पना सोडून देऊन तो पुढेच जात राहिला. सिरियाचा किनारा, युफ्रेटिस नदी, इराणचे आखात, कराची, आणि १९३५ च्या सुमारास हिंदुस्थानचा पश्चिम किनारा, म्हणजे मुंबईवरून कोकण व गोवा ओलांडून खाली सिलोनपर्यंत, असा त्याचा मार्ग होता. वाटेत कयाकी झिजत गेल्या आणि जर्मनीतील कारखाना नव्या पाठवत गेला. भाषणे देऊन तो खर्च भागवी. जिथे पिढ्यान् पिढ्या सागवानी मचव्यांवर भरवसा ठेवला गेला त्या किनाऱ्यावरून एक गोरा माणूस कापडाच्या नावेतून एकटाच चालला आहे, हे दृश्य पाहणाऱ्या कोळ्यांनी त्याला खुळ्यात काढले असेल तर त्यांना दोष देता येणार नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये, सात वर्षांनी आणि सुमारे ५०,००० किलोमीटरनंतर, तो ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडील सायबाई बेटावर उतरला. तोवर दुसरे महायुद्ध सुरू झाले होते. तेथील पोलिसांनी त्याचे अभिनंदन केले आणि शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटकही केली. युद्ध संपेपर्यंत त्याचा मुक्काम स्थानबद्धांच्या छावणीत होता. नोकरी शोधायला निघालेल्या माणसाची इतकी लांबलेली मुलाखत दुसरी सापडणार नाही.

याच नौकेने युद्धातही काम केले. १९४३ च्या सप्टेंबरात मित्रराष्ट्रांच्या सहा सैनिकांनी तीन घडीच्या नौकांतून रात्री सिंगापूर बंदरात शिरून जपानी ताब्यातील जहाजांना सुरुंग लावले आणि ते सर्व सुखरूप परतले. त्यांना तिथवर नेणारी मासेमारीची बोट मूळ जपानी होती व तिला ‘क्रेट’, म्हणजे आपली मण्यार, असे नाव दिलेले होते. त्याआधी १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये घडीच्या कयाकींची दहा हजार मीटरांची शर्यतही झाली होती. ती त्या एकाच वेळी झाली आणि पुन्हा कधी घेतली गेली नाही. शर्यतीत नौका आधीच जोडून आणण्याची मुभा असल्यामुळे या खेळातील खऱ्या गुणवत्तेची कसोटी लागलीच नाही, हे त्याचे कारण असावे असे जोडणी केलेल्या कोणालाही वाटेल.

ज्याला नौका परवडत नाही, किंवा ज्याची नौका जोडून होत नाही, तो वल्हवण्याविषयी वाचतो, आणि या वाङ्मयाचा पसारा पाण्यावर असलेल्या एकूण नौकांपेक्षा मोठा असावा अशी शंका येते. त्याचे स्थूलमानाने दोन भाग पडतात. एक भाग मार्गदर्शक पुस्तकांचा, ज्यांत प्रत्येक प्रकरणात काहीतरी भयंकर घडते : थंड पाण्याने हातपाय कसे बधिर होतात, ओहोटीचा प्रवाह वाऱ्याविरुद्ध वाहू लागला की लाटा कशा उभ्या राहतात, उलटलेल्या नौकेतून डोके खाली असताना न घाबरता बाहेर कसे यावे. ‘वाचाल तर वाचाल’ हे वाचनालयांच्या भिंतीवरचे घोषवाक्य अक्षरशः लागू पडावे असे हे एकमेव वाङ्मय. या पुस्तकांची एक ठाम शिकवण अशी की वल्हवणे हे दंडांचे काम नाही, पाठीचे आणि कंबरेचे आहे. प्रत्येक फटक्याला धड फिरले पाहिजे. हे वाचून पावसाळी संध्याकाळी दिवाणखान्यात सोफ्यावर बसून झाडू आडवा धरून धड फिरवण्याचा सराव करणारे गृहस्थ अनेक घरांत आढळतात, आणि शोकेसमधल्या काचेच्या वस्तू कोणत्या उंचीवर ठेवाव्यात याचा निर्णय अशा घरांत अनुभवाने झालेला असतो.

दुसरा भाग प्रवासवर्णनांचा. त्याचा आरंभ स्कॉटिश बॅरिस्टर जॉन मॅकग्रेगर याने केला. त्याच्या ‘रॉब रॉय’ या लाकडी कनूतून युरोपच्या नद्यांवर केलेल्या प्रवासाचे पुस्तक १८६६ मध्ये आले आणि त्याने सुशिक्षित इंग्रज माणसाला वल्हे हातात घेण्याचे निमित्त दिले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हा पुढे ‘ट्रेझर आयलंड’चा लेखक म्हणून गाजला, पण त्याचे पहिले पुस्तक १८७८ मधील, बेल्जियम आणि फ्रान्सच्या कालव्यांतून व नद्यांतून केलेल्या अशाच सफरीचे आहे. तीत खाणावळवाले त्याला फेरीवाला समजतात, एके ठिकाणी तर जागा असूनही हाकलून देतात, आणि पुराच्या पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाला अडकून तो मरता मरता वाचतो. अशा वेळीही वल्हे हातातून सुटू दिले नाही, हे आपल्या थडग्यावर कोरले जावे अशी इच्छा त्याने नोंदवून ठेवली आहे. वल्हेकऱ्यांना हा प्रसंग मनापासून आवडतो. पॉल थरू या अमेरिकन लेखकाने तर पॅसिफिकमधील बेटांवर विमानाने जाताना घडीची कयाक सामानात नेली आणि १९९२ मध्ये त्यावर जाडजूड पुस्तक लिहिले. विमानतळावरचा तिचा प्रवास समुद्रावरच्या प्रवासाहून सोपा नसावा, पण प्रवासवर्णनकार जोडणीला आणि सामानाला फार पाने देत नाहीत. रामायणात सेतू बांधल्यावर उरलेल्या दगडांचे काय केले हेही कोणी विचारत नाही.

केवळ वाचून कोणी वल्हेकरी होत नाही, असे म्हणून हा विषय निकालात काढता आला असता, पण एका ऑस्ट्रियन माणसाने ती सोय ठेवलेली नाही. इन्युइट शिकारी उलटलेली कयाक आत बसूनच, वल्ह्याच्या एका फटक्याने पुन्हा सरळ करीत, याला ‘एस्किमो रोल’ म्हणतात. घागरा नौकेला शिवल्यासारखा असल्याने आणि पाणी गोठवणारे असल्याने त्यांना दुसरा उपायच नव्हता. युरोपात ही विद्या कोणालाही येत नव्हती. एदी हान्स पावलाता याने ग्रीनलंडला गेलेल्या संशोधकांची पुस्तके वाचली, त्यांतील तुटपुंज्या वर्णनांवरून हातांची स्थिती ठरवली, आणि १९२७ मध्ये वायसनझे नावाच्या तलावात, कोणी शिकवणारा नसताना, स्वतःला पुन्हा पुन्हा उलटे करून घेत शेवटी तो सरळ वर आला. एका हाताने वल्ह्याचे टोक आणि दुसऱ्याने मधला दांडा धरण्याची त्याची पद्धत आजही त्याच्या नावाने शिकवली जाते. पुढच्याच वर्षी त्याने यावर पुस्तक काढले, आणि अशा रीतीने पुस्तकांतून पाण्यात गेलेली विद्या ताबडतोब पुस्तकात परत आली. काठावरच्या विद्वानांपैकी प्रत्येक जण मनातून स्वतःला पावलाता समजतो. फरक इतकाच की पावलाताचे केस ओले होते.

अलीकडे कालमान पालटले आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा वास्तुरचनाकार अँटन विलिस लहान घरात राहायला गेला, त्याची जुनी फायबरग्लासची कयाक तिथे मावेना, त्याच सुमारास कागदाच्या घड्यांच्या जपानी कलेवरील एक लेख त्याच्या वाचनात आला, आणि त्यातून सांगाडा व कातडे ही जोडीच नसलेली नौका निघाली : पुठ्ठ्याच्या खोक्यासारख्या दुपदरी प्लास्टिकचा एकच मोठा पत्रा, घड्यांवर दुमडला की पेटी आणि उलगडला की कयाक. २०१२ मध्ये लोकांकडून आगाऊ पैसे जमवून ‘ओरू’ या नावाने ती बाजारात आली. येथेही नौकेचा उगम घराच्या क्षेत्रफळात आणि वाचनात आहे, पाण्यात नाही, हे लक्षात घ्यावे. तिच्या घड्या वीस हजार वेळा घातल्या तरी टिकतात असे उत्पादक सांगतात. दर रविवारी न चुकता एकदा, या हिशेबाने ती पुरती झिजायला ३८४ वर्षे लागतील. म्हणजे शहाजीराजे बंगळुरास असताना कोणी ती घेतली असती तर तिची हमी आता कुठे संपत आली असती. मात्र दर रविवारी न चुकता तलावावर जाणारा मनुष्य कोणत्याही शतकात सापडणे कठीण.

मोडणीविषयी पुस्तिकांत एवढेच लिहिलेले असते की जोडणीच्या उलट क्रमाने करावी. या वाक्याइतके निष्काळजी वाक्य तांत्रिक वाङ्मयात क्वचितच आढळेल, कारण संध्याकाळी ओले कातडे सकाळच्या कोरड्या कातड्यापेक्षा बरेच जड आणि बरेच हट्टी झालेले असते, आणि जी थैली कारखान्यात सर्व वस्तूंना पुरली होती ती आता त्यांतल्या दोन-तृतीयांशांनाच पुरते. शिवाय सुती भाग ओला राहिला तर त्याला बुरशी धरते, म्हणून घरी पोचल्यावर पाच मीटरांचे कातडे आधी गोड्या पाण्याने धुवावे लागते आणि मग पूर्ण वाळेपर्यंत टांगावे लागते. सदनिकेत एवढी लांबी न्हाणीघरापासून स्वयंपाकघरापर्यंत तिरके गेल्याशिवाय मिळत नाही. दमट हवेत वाळण्यास चार दिवस लागतात आणि त्या चार दिवसांत घरातील सर्व मंडळी कमरेत वाकून ये-जा करतात, पाचव्या दिवशी आठवड्याचा शेवट पुन्हा दिसू लागतो, आणि घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही.

याचमुळे जुन्या घडीच्या कयाकींची खरेदी-विक्री नेहमी तेजीत असते. जाहिरातींत ‘फारच थोडी वापरलेली’ असे लिहिलेले असते, आणि जुन्या वस्तूंच्या बाजारात हे विधान शंभर टक्के खरे असण्याचा हा एकच विभाग आहे. घेणारा मनुष्य येतो, थैल्यांची चेन उघडतो, कातड्याचा वास घेतो, लाकडावरून अंगठा फिरवतो, दांड्या मोजतो. विकणारा जवळच उभा राहून एक जास्तीची फासळीही सोबत देतो आणि ती कुठली असे विचारले जाण्यापूर्वी किमतीत सूट जाहीर करतो. घेणारा ती फासळी उलटसुलट करून पाहतो, परत थैलीत ठेवतो, आणि सोबत पुस्तिका आहे का तेवढे विचारतो.